हात मोडला तेव्हा कुणी काही विचारलंच नाही

मागच्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी मी पडले. पडले म्हणजे फार काही घडलं नाही, मंडईतून भाजी घेऊन येत होते, नुकताच पाऊस पडून गेलेला, आणि पुण्यातल्या फुटपाथवर तो एक पेव्हर ब्लॉक असतो ना, दिसायला अगदी नीट बसलेला पण पाय ठेवला की डुगडुगतो आणि खालचं गढूळ पाणी सलवारवर उडवतो, नेमका त्याच्यावर पाय पडला आणि तोल गेला. पडताना आपण जे करतो तेच केलं, हात पुढे टेकला. पिशवीतली काकडी, कोथिंबीर सगळी रस्त्यावर, आणि मनगटात काडी मोडल्यासारखं काहीतरी वाजलं. दुखलं नंतर, आधी मी कोथिंबीरच गोळा करत होते.

मनगटाच्या वरचं हाड मोडलं होतं. ह्याला कोलीज फ्रॅक्चर म्हणतात. कोलीज हे एक आयरिश सर्जन, त्यांनी १८१४ मध्ये ह्याचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या ८० वर्षं आधी आणि आपल्याकडे पेशवाई बुडायच्या चार वर्षं आधी, नुसतं हात बघून आणि चाचपून. (प्लास्टरमध्ये असताना माणूस काय काय वाचतो.) सहा आठवडे प्लास्टर, त्या वर्षीचे मोदक विकतचे, गौरीला साडी नणंदेने नेसवली. ज्यांनी प्लास्टर घातलं त्या डॉक्टरांनी काम चोख केलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण शेवटच्या व्हिजिटला त्यांनी हात वळवून बघितला, म्हणाले "छान जुळलंय, पावसात पडतातच लोकं, कॅल्शियम घेत जा," आणि पुढचा पेशंट. माझं वय तेव्हा ५१. पाळी जाऊन चार वर्षं झालेली. ती कधी गेली, आईला काही झालं होतं का, आधी कधी हाड मोडलं होतं का, कुणी एका शब्दानं विचारलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही कारण मला वाटत होतं मी पडले म्हणून हाड मोडलं. इतकं सरळ आहे की त्यात विचारायचं काय.

विचारलं ते मनगटाचे व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने. पंचवीस-सव्वीसची असेल. मला स्पंजचा बॉल दाबायला देऊन सहज म्हणाली, "मॅडम, तुमची डेक्सा झालीये ना?" मी म्हटलं ते काय असतं. ती जरा थांबली आणि म्हणाली, उभ्या उभ्या पडून चांगलं हाड सहसा मोडत नाही हो, गाडीवरून फेकली गेलात, जिन्यावरून गडगडलात तर गोष्ट वेगळी, पण आपल्याच उंचीवरून पडून मोडलं तर आधी हाड तपासायचं असतं. मनगट हे बऱ्याचदा पहिलं मोडतं, पन्नाशीत, मग मणके, आणि सत्तरीच्या पुढे खुबा. हे सगळं ती मला चेंडू दाबायच्या आकड्यांमध्ये सांगत होती, दहा झाले, अजून पाच करा, खुबा मोडला की मात्र अवघड होतं.

अवघड म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांच्या घरात माहितीये. "आजी बाथरूममध्ये पडल्या आणि मग अंथरूण धरलं ते धरलंच." साधारण पाचातलं एक माणूस खुबा मोडल्यावर वर्षभरात जातं, आणि राहतात त्यातल्या कितीतरी जणींना पुन्हा आधाराशिवाय चालता येत नाही. आपण त्याला म्हातारपण म्हणतो.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, झाली. अगदी सोपी आहे, घाबरण्यासारखं काही नाही, एका टेबलावर उताणं झोपायचं, पायाखाली फोमचा चौकोनी ठोकळा देतात, वरून एक दांडा हळूहळू सरकत जातो, दहा-पंधरा मिनिटं. एमआरआयसारखं बोगद्यात जायचं नसतं. रेडिएशन छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. रिपोर्टमध्ये टी-स्कोर म्हणून एक आकडा येतो, तुमचं हाड ऐन तारुण्यातल्या बाईच्या हाडाशी ताडून बघितलेलं असतं. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे असेल तर ऑस्टिओपेनिया म्हणजे हाड विरळ व्हायला लागलंय, आणि उणे २.५ किंवा त्याच्याही खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाड ठिसूळ झालंय. माझा कमरेच्या मणक्यांचा उणे २.६, खुब्याचा उणे १.९. नवऱ्याने रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाला, "उणेच आहे ना, मग कमी म्हणजे चांगलं असेल." तीस वर्षं संसार केलाय म्हणून वाचला.

हाडांचं बँकेचं खातं असतं, तिशीपर्यंत भरायचं आणि पुढे काढायचं, ही उपमा मी त्यानंतर इतक्या लेखांत वाचली की वीट आला. मला त्यापेक्षा आमच्या सोसायटीचं बघून कळलं. आमच्या समोर रिडेव्हलपमेंट चालू आहे. हाडात पण तसंच आयुष्यभर चालू असतं, एक टोळी जुनं हाड फोडते, दुसरी मागून येऊन नवीन भरते. फोडायला दोन-तीन आठवडे लागतात, भरायला तीन-चार महिने. इस्ट्रोजेन, अंडाशयात तयार होणारं हार्मोन, हा फोडणाऱ्या टोळीचा मुकादम, त्याच्या धाकात ते बेताबेताने फोडतात. पाळी गेली की मुकादम घरी, आणि मग काय, फोडणारे मोकाट, भरणारे मागे राहतात, खड्डे तसेच. पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हे सगळ्यात जोरात चालतं, काही जणींचं तेवढ्यात वीस टक्क्यांपर्यंत हाड जातं. आपल्याकडच्या बायकांची पाळी साधारण ४६-४७ ला जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं लवकर, म्हणजे आपलं हे फोडकाम पण तेवढंच लवकर चालू. आणि ह्यात काही दुखत नाही, हेच वाईट आहे. हॉट फ्लॅश येतात, अंग एकदम गरम होतं, ते कळतं, चिडचिड तर घरातल्या सगळ्यांना कळते. हाड जातंय हे नाही कळत.

आणि ज्यांची गर्भपिशवी चाळिशीच्या आत काढलीये, अंडाशयांसकट, त्यांचा मुकादम एका दिवसात गेलेला असतो. बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या तिशीत काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये किती आल्या होत्या, तेव्हा चर्चा सगळी झाली, समिती बसली, पण त्या बायकांच्या हाडांचं पुढे काय हे मला कुठे वाचायला मिळालं नाही, आणि त्यांना तर डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायचं असतं.

आता आईचं सांगते, कारण माझ्यापेक्षा तीच खरी गोष्ट आहे.

आई ७८ वर्षांची, सहकारनगरला माझ्या भावाकडे असते. गेली पाच-सहा वर्षं तिच्या परकरांचं एक काम माझ्याकडे असायचं. "अगं, ह्याला खाली जरा दुमड घाल, लोळतोय." मी घालायचे. दोन वर्षांनी परत, "हा पण लोळतोय गं, हल्ली कापडच लांब देतात." मी त्या दुकानदाराला नावं ठेवली, टेलरला नावं ठेवली. माझी डेक्सा झाल्यावर एकदा तिच्या कपाटात तो जुना पिवळा परकर दिसला, त्याच्या खालच्या काठाला तीन दुमडी होत्या, एकीवर एक, तिन्ही माझ्याच हातच्या, वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. मी तिथेच कपाटापाशी बसले. तिला दाराच्या चौकटीला उभं करून टेपने मापलं, चार फूट दहा इंच. लग्नाच्या वेळी पाच फूट एक होती, हे ती स्वतःच कौतुकाने सांगायची.

तीन इंच. तरुणपणीच्या उंचीपेक्षा दीड इंच, म्हणजे साधारण चार सेंटीमीटर कमी झाली तरी पाठीचा एक्स-रे काढायला सांगतात. तिचा काढला, दोन मणके पुढच्या बाजूने चेपलेले, लाकडाची पाचर असते तसे. आई कधी पडली नव्हती. पाठ धरते म्हणायची अधूनमधून, आम्ही बाम लावून द्यायचो. मणक्यांची ही फ्रॅक्चर अशीच असतात, तीनातली दोन तरी लक्षातच येत नाहीत, पाणी भरलेली बादली उचलली, वाकून गॅस सिलेंडर सरकवला, तेवढ्यात होऊन जातं. पोक आलाय म्हणतो आपण, वयानुसार येणारच म्हणतो. माझी आजी पण साठीतच कमरेत वाकली होती, आणि ती जात्यावर दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची, तेव्हा "जुन्या बायका बघा कशा काटक" हे मला कुणी सांगू नये. सहा बाळंतपणं आणि शेवटी पातेल्यात उरेल ते ताटात.

आईला आता वर्षातून एकदा सलाइनमधून हाडांचं औषध देतात, झोलेड्रॉनिक ॲसिड. त्याआधी रक्तातलं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, किडनी तपासतात आणि दाताचं काही मोठं काम असेल तर ते उरकून घ्यायला सांगतात. पहिल्या वेळी दोन दिवस कणकण आणि अंगदुखी झाली, ते सांगितलेलं होतं म्हणून घाबरलो नाही. मला हाडांसाठीच आठवड्याची गोळी आहे, रविवारची. ती उपाशीपोटी घ्यायची, साध्या पाण्याचा भरलेला ग्लास, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही, कारण अन्ननलिकेत अडकली तर जळजळ आणि पोटात काही असलं तर गोळी अंगीच लागत नाही. अर्धा तास म्हणजे चहा पण नाही. रविवारी सकाळी, घरात सगळ्यांचा चहा उकळतोय आणि मी गॅलरीत हाताची घडी घालून उभी. व्हॉट्सॲपवर ह्या गोळ्यांनी जबड्याचं हाड सडतं असा फॉरवर्ड फिरतो, तो मलाही तीन जणींनी पाठवला. असं होऊ शकतं, पण फार क्वचित होतं, दाताच्या डॉक्टरला आधी दाखवायचं ते त्यासाठीच. तो फॉरवर्ड वाचून आमच्या बिल्डिंगमधल्या एकीने गोळ्या सोडल्या, खुब्याची भीती तिला कुणी फॉरवर्ड केली नव्हती.

ऊन! ह्यावर मला जरा बोलायचंय. माझं व्हिटॅमिन डी आलं ११. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. पुण्यात राहून, वर्षातले आठ महिने ऊन, आणि ११. मग मी स्वतःकडेच बघितलं. सकाळी सहाला तळजाईवर, तेव्हा सूर्य उठलेला नसतो. नऊला गाडीवर, म्हणजे डोक्याला स्कार्फ, तोंडाला स्कार्फ, वर सनकोट, हातात कोपरापर्यंतचे मोजे, डोळ्याला गॉगल. पुण्याच्या बायका सिग्नलला उभ्या असल्या की बाहेरगावचे लोक फोटो काढतात ते उगाच नाही. मग दिवसभर ऑफिसमध्ये, खिडकीशी बसते पण काचेतून येणाऱ्या उन्हात जे किरण लागतात तेच अडतात. व्हिटॅमिन डी बनवणारे किरण ऊन डोक्यावर असताना येतात, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की. म्हणजे दहा-अकराच्या पुढे. सकाळचं कोवळं ऊन सुखाचं असतं पण ह्या कामाचं नाही, आणि सावळ्या कातडीला वेळ पण जास्त लागतो. आता मी डब्याच्या सुट्टीत गच्चीत पंधरा-वीस मिनिटं जाते, बाह्या वर करून. सहकारी म्हणतात काळी पडशील. पडले.

पण एवढी कमतरता नुसत्या उन्हाने भरत नाही, मला साठ हजार युनिटचे सॅशे दिले, आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला. आठवड्याला! हे मुद्दाम ठळक सांगते कारण ओळखीतल्या एका काकूंनी ते रोज दुधातून घेतले, चांगलं असतं म्हणून, दोन-अडीच महिने, आणि उलट्या, बद्धकोष्ठ, डोकं सुन्न असं होऊन ॲडमिट करावं लागलं. रक्तात कॅल्शियम चढलं होतं. हे जीवनसत्त्व लघवीतून निघून जात नाही, अंगातल्या चरबीत साठून राहतं.

खाण्याचा हिशेब मी एका रविवारी (गोळीनंतरच्या अर्ध्या तासात) कागदावर मांडला. आपल्याला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला बाराशे. मोठा कप दूध, २०० मिली, म्हणजे अडीचशेच्या जरा खाली. वाटीभर दही, दीड-दोनशे. नाचणीच्या दोन छोट्या भाकरी, साठ-सत्तर ग्रॅम पीठ धरलं तर सव्वादोनशे, गहू-तांदूळ ह्याच्या आसपास पण येत नाहीत. न सडलेल्या तिळाची चटणी मोठा चमचाभर, शंभराच्या आत-बाहेर. मग शेवग्याचा पाला, राजगिरा, आणि खाणाऱ्यांना सुकट, जवळा. झाले की साताठशे, डाळी-भाज्यांतून अजून थोडं. म्हणजे जेवण नीट असेल तर कॅल्शियमची गोळी फक्त खड्डा भरायला लागते, आणि मी त्याआधी पंधरा वर्षं काय खात होते, तर सकाळी पोळीभाजी, दुपारी पोळीभाजी, रात्री आमटीभात आणि चहातलं चमचाभर दूध, ज्याला मी "रोज दूध घेते" म्हणत होते. पालकात कॅल्शियम असतं पण पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य त्याला असं धरून ठेवतं की अंगी फारसं लागत नाही, पालक इतर गुणांसाठी खा. आणि हाड म्हणजे नुसता चुना नाही, आतली जाळी प्रोटीनची असते, वरण म्हणून आपण जे पिवळं पाणी भातावर घेतो त्यात ते किती असतं हे आपापल्या घरी बघा. मी पिठलं, उसळ, अंडी वाढवली.

ही कॅल्शियमची गोळी जेवणानंतर (रविवारची नव्हे), एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. थायरॉइडचं अजून एक, डोस जास्त होत असेल तर त्यानेही हाड झिजतं, तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, वेळच्या वेळी करा. दम्यासाठी, संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला हाडांचं स्वतःहून विचारा, डेक्सासाठी पासष्टीची वाट बघू नका. आईचा खुबा मोडला होता, पाळी ४५ च्या आत गेली, वजन फारच कमी आहे, तरी तेच.

आणि सोसायटीच्या हॉलमधलं ते मोफत शिबिर. टाच मशीनमध्ये घालतात, दोन मिनिटांत चिठ्ठी. ती सोनोग्राफीसारखी तपासणी आहे, डेक्सा नाही, तिच्यातला आकडा डेक्साच्या आकड्याशी जुळवायचा नसतो. माझ्या जावेला तिथे "नॉर्मल" सांगितलं म्हणून ती निवांत, शेजारणीला "डेंजर" सांगून टेबलावरच डबे विकले.

आता चालणं. दहा वर्षं मी तळजाईला चालतेय आणि मला वाटायचं माझं सगळं होतंय. हृदयाचं होत होतं, हाडांचं नाही, कारण हाडाला रोजचंच वजन मिळालं तर ते काही नवीन बांधत नाही, त्याला जास्तीचा भार दिसावा लागतो. अंतराळवीर वर जातात, पायांवर भारच नाही, तर खुब्याचं वगैरे हाड महिन्याला एक-दीड टक्क्यानं जातं. उलट बाजूनं, ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका घेऊन एक प्रयोग झाला, लिफ्टमोर नावाचा, त्यातल्या अर्ध्या जणींना आठवड्यातून दोनदा अर्धा तास चांगलं जड वजन उचलायला लावलं, देखरेखीखाली, आठ महिने, तर त्यांच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्के वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची कमी झाली. हे वाचून मी गल्लीतल्या जिममध्ये गेले. तिथल्या पोराने मला बघून एक किलोची गुलाबी डंबेल्स आणून दिली. मी म्हटलं बाळा, माझी भाजीची पिशवी चार किलोची असते. आता वर्ष होत आलंय, मी २५ किलोचा बार जमिनीवरून उचलते, पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून, आणि तो "काकू, एक नंबर" म्हणतो. पण एकदम यूट्यूब बघून करू नका, मी फिजिओला विचारून, शून्यापासून, तीन महिने नुसता रिकामा बार धरून शिकलेय.

आईचं वेगळं. जिचे मणके चेपलेत तिनं पुढे वाकायचं नाही, पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन बंद. तिच्या योगाच्या बाईंना हे सांगितलं तर त्यांना राग आला, आमच्याकडे ऐंशीच्या आज्जी करतात म्हणाल्या. आईला आता खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठायचं आणि चहा उकळेपर्यंत ओट्याला बोट टेकून एका पायावर उभं राहायचं, एवढं दिलंय. चहा ती आवडीनं करते म्हणून हे होतं.

बाकी घरात जे करायचं ते केलं, बाथरूममध्ये दांडी लावली, न घसरणारं मॅट, रात्री पॅसेजमध्ये बारका दिवा, मोतीबिंदू काढून घेतला, पायपुसणी सगळी बाहेर. परवा तिच्यासाठी नवे परकर आणायला लक्ष्मी रोडला गेले होते, टेलरला माप देताना दोन इंच वरच सांगितलं, पायात यायला नको म्हणून. घरी आल्यावर तिने तो लावून बघितला आणि आरशासमोर उभी राहिली.

"आखूड झालाय."

"मुद्दाम घेतलाय, पायात येतो तुझ्या."

"घोटे दिसतात त्यातून. सोड ती दुमड."

"ह्याला दुमड नाहीये आई."

तिने काठ उलटा करून बघितला, चष्मा लावून परत बघितला, आणि म्हणाली, "मग पुढच्या वेळी लांबच आण, मी धरून चालेन."